क्षमा आणि ईश्वरी न्याय (खानदेशातील विचार)

देव न्यायी असेल तर केलेल्या पापाचे फळ त्याने दिलेच पाहिजे. तो दयाळू असेल तर शरण आलेल्याला त्याने पदरात घेतलेच पाहिजे. एकाच ईश्वराविषयी ही दोन्ही विधाने खरी कशी, हा भक्तिविचारातील जुना पेच. ख्रिस्ती परंपरेत अकराव्या शतकात कँटरबरीच्या अन्सेल्मने तो ‘प्रोस्लोगिऑन’मध्ये उघडपणे मांडला. भारतात तो कर्मसिद्धान्त आणि ईश्वरकृपा यांच्या नात्याचा प्रश्न म्हणून येतो. खानदेशात (आजचे जळगाव, धुळे व नंदुरबार जिल्हे) त्याविषयीची सर्वांत भरघोस सामग्री धुळ्याच्या तुरुंगातून आणि त्याखालोखाल अमळनेरच्या तत्त्वज्ञान मंदिरातून मिळते.

धुळे तुरुंग, १९३२ : सविनय कायदेभंगाच्या काळात विनोबा भावे येथे बंदिवान असताना त्यांनी दर रविवारी गीतेच्या एकेका अध्यायावर प्रवचन केले. पहिले प्रवचन २१ फेब्रुवारी १९३२ रोजी झाले, अठरावे १९ जून रोजी. एकही रविवार चुकला नाही. साने गुरुजींनी ही प्रवचने जागेवरच लिहून घेतली. ‘गीता प्रवचने’ हा ग्रंथ त्या टिपणांतून सिद्ध झाला. श्रोत्यांत जमनालाल बजाज होते. श्रोते प्रामुख्याने सत्याग्रही राजबंदी होते, ही गोष्ट प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने मोलाची आहे. ते स्वतःला अपराधी मानत नव्हते आणि तरीही माफी न मागता शिक्षा भोगत होते. शिक्षा स्वीकारणे आणि दोषी असणे या दोन गोष्टी वेगळ्या असू शकतात, हे त्यांना कोणी समजावून सांगण्याची गरज नव्हती.

आठवे व नववे प्रवचन (१० व १७ एप्रिल) शेजारी ठेवून वाचले की पेच स्पष्ट दिसतो. आठव्यात संस्कारांच्या संचयाचा विचार आहे. माणूस जन्मभर जे करतो त्याचे ठसे मनावर साठतात आणि मरणसमयी तेच वर येतात. येथे सूट नाही. ऐनवेळच्या पश्चात्तापाने जन्मभराचा साठा पुसला जात नाही. आठवडाभराने आलेला नववा अध्याय मात्र समर्पणाचा आहे. गीतेच्या या अध्यायातील २९ व्या श्लोकात भगवंत म्हणतात की मी सर्वांना सारखा, मला कोणी नावडता नाही आणि आवडता नाही. आणि लगेच ३० व्या श्लोकात, अत्यंत दुराचारी माणूसही अनन्यभावाने भजू लागला तर त्याला साधूच मानावे, असा निर्वाळा देतात. न्यायाधीशाचा निःपक्षपातीपणा आणि अपराध्याला साधू ठरवणे ही दोन्ही विधाने लागोपाठच्या दोन श्लोकांत आहेत. गीतेने त्यांत विरोध पाहिलेला नाही.

विनोबांचा भर अमुकच क्रिया करण्यावर नाही. जे कर्म हातून होईल ते ईश्वराला वाहण्यावर आहे. प्रस्तुत नोंदीच्या लेखकाच्या मते पेचाची उकल येथेच आहे. कर्माचे फळ देवाला वाहिले की त्यात दंडही आला. वाहणाऱ्याला सुटकेची मागणी करण्यास जागा राहत नाही. या अर्थाने क्षमा फळ पुसत नाही, करणाऱ्याला बदलते. ज्ञानेश्वरांनीही नवव्या अध्यायातील ३० व्या श्लोकावर लिहिताना अनुतापालाच तीर्थ मानले आहे: दुराचाऱ्याला स्नान घडते ते अनुतापाचे. शेवटच्या, अठराव्या प्रवचनाची अखेर फलत्यागाची पूर्णता म्हणून ईश्वरप्रसादावर होते. प्रसाद हक्काने मागता येत नाही. सोळाव्या प्रवचनात दैवी गुणांची सेना उभी केली आहे. तिच्या आघाडीला अभय, पिछाडीला नम्रता. क्षमा त्या सेनेत आहे, पण सेनापती नाही. अठराव्या अध्यायातील सर्व पापांतून सोडवण्याचे आश्वासन (श्लोक ६६) कर्मनियमाला अपवाद आहे काय, याविषयी भाष्यकारांत एकमत नाही.

विनोबांच्या पुढील कार्यात हीच भूमिका आचरणात आलेली दिसते. मे १९६० मध्ये चंबळ खोऱ्यात वीस बागींनी (दरोडेखोरांनी) त्यांच्यापुढे शस्त्रे ठेवली. त्यांना जवळ घेण्यात आले. परंतु खटले टळले नाहीत.

साने गुरुजी (१८९९–१९५०) : जन्म कोकणात पालगडचा, कर्मभूमी अमळनेर. तत्त्वज्ञान मंदिरात अध्ययनासाठी आलेले गुरुजी १९२४ ते १९३० या काळात तेथील प्रताप हायस्कूलमध्ये शिक्षक होते. १९३३ मध्ये नाशिकच्या तुरुंगात लिहिलेल्या ‘श्यामची आई’मधील एका रात्रीला ‘क्षमेविषयी प्रार्थना’ असे नाव आहे. गांधीजींच्या हत्येनंतर १९४८ मध्ये त्यांनी २१ दिवसांचे उपोषण केले. अपराध दुसऱ्याचा आणि प्रायश्चित्त आपले, हे न्यायाच्या कोणत्याही हिशेबात बसत नाही. तरीही क्षमेची किंमत कोणीतरी मोजावी लागते, ही जाणीव त्यामागे दिसते, आणि या दृष्टीने गुरुजींचा विचार व्हायला हवा तितका झालेला नाही.

अमळनेरचे तत्त्वज्ञान मंदिर : प्रताप शेठ यांच्या आश्रयाने १९१६ मध्ये स्थापन. कृष्णचंद्र भट्टाचार्य, रासविहारी दास, धीरेंद्रमोहन दत्त, टी. आर. व्ही. मूर्ती यांचा या संस्थेशी संबंध आला. येथील भूमिका मुख्यतः अद्वैताची. शंकराचार्यांनी ब्रह्मसूत्र २.१.३४ वरील भाष्यात ईश्वरावरील पक्षपात आणि निर्दयता हे दोन्ही आरोप फेटाळले आहेत: पाऊस सर्व पिकांना समान कारण, भात की जव हे बीजावर अवलंबून, तसा ईश्वर, आणि भेद प्राण्यांच्या कर्मामुळे. या मांडणीत देवाचा न्याय शाबूत राहतो, पण क्षमेला वाव कोठे, हे विचारणे भाग पडते. उत्तर ब्रह्मसूत्राच्या चौथ्या अध्यायात मिळते. ज्ञान झाले की पूर्वीचे संचित नष्ट होते आणि नंतरचे चिकटत नाही. जे फळ देऊ लागले आहे ते प्रारब्ध मात्र भोगूनच संपते. म्हणजे मुक्तालाही सरसकट माफी नाही.

संस्थेच्या ‘फिलॉसॉफिकल क्वार्टर्ली’ या नियतकालिकात १९६५ मध्ये कर्मनियमावर वाद झाला. अमेरिकी तत्त्वज्ञ वॉरन स्टाइनक्राउस यांनी आक्षेप घेतले, जी. आर. मलकानी यांनी उत्तर दिले व त्याच वर्षी कर्मनियमाच्या समर्थनार्थ स्वतंत्र लेखही लिहिला. खानदेशातील एका तालुक्याच्या गावातून निघणाऱ्या नियतकालिकात ईश्वरी न्यायाचा प्रश्न परदेशी टीकाकारासमोर मांडला गेला, हे या वादाचे महत्त्व. मराठी वाचकांपर्यंत हा वाद पोहोचायला हवा.

मुक्ताबाई : समाधिस्थान मुक्ताईनगर (पूर्वीचे एदलाबाद, जि. जळगाव) परिसरात, समाधी १२९७. जगाच्या वागण्याने दुखावून कोंडून बसलेल्या ज्ञानेश्वरांना दार उघडण्याची विनवणी करणारे ताटीचे अभंग परंपरेने त्यांचे मानले जातात. कर्तृत्वाविषयी अभ्यासकांत मतभेद आहेत. त्यांतील क्षमा माणसाने माणसाला करावयाची आहे, म्हणून प्रस्तुत विषयाशी तिचा संबंध अप्रत्यक्ष. तथापि ज्ञानेश्वरांच्या पसायदानात दुष्टांचा नाश न मागता त्यांचा दुष्टपणा जावा असे मागितले आहे, ते या अभंगांच्या शेजारी ठेवून वाचावे.

महानुभाव पंथ : अनुताप व प्रायश्चित्त यांचा विचार विस्तृत आहे. पाहा: महानुभाव पंथ.

ख्रिस्ती व इस्लामी विचार : पाहा: नवापूर; सुफी परंपरा, खानदेशातील.