बॅटन विकारग्रस्त मुलांचे समावेशक शिक्षण

बॅटन विकार (सीएलएन३ प्रकार) हा मेंदूतील चेतापेशींचा ऱ्हास करणारा दुर्मीळ आनुवंशिक रोग. ब्रिटिश वैद्य फ्रेडरिक बॅटन यांनी १९०३ मध्ये त्याचे वर्णन केले. शाळेत जाऊ लागलेल्या मुलाची आधी दृष्टी मंदावते. पुढे अपस्मार, स्मृतिनाश, अडखळती वाचा व चाल. शिकलेले हळूहळू निसटत असल्याने घसरत्या गुणांना आळस समजणे हा मुलावर अन्यायच होय. पुढे लागणारी कौशल्ये आधीच रुजवावी लागतात : स्पर्शखुणा, ओळखीची गाणी, वाचा स्पष्ट असतानाच ध्वनिमुद्रित केलेला मुलाचा स्वतःचा आवाज. वर्गमित्रांची सोबत शेवटपर्यंत टिकवणे अभ्यासक्रमाइतकेच मोलाचे. भारतात दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ मधील कलम १६ नुसार शासनमान्य वा अनुदानित शाळांनी समावेशक शिक्षण द्यावे यासाठी प्रयत्न करण्याची जबाबदारी शासन व स्थानिक प्राधिकरणांवर आहे.