पौर्णिमा : चंद्राची पूजा नव्हे, उपोसथाचा दिवस



विहाराच्या वर्धापनदिनाच्या स्मरणिकेसाठी चार शब्द लिहा, असे कार्यकर्त्यांनी सांगितले. मी काही विद्वान नाही. आयुष्य गिरणीत गेले. जे वाचले ते पाळी सुटल्यावर वाचले.

मागे एका पौर्णिमेला वंदना आटोपून आम्ही बाहेर पडलो. एका आजीने चंद्राकडे बघून हात जोडले. तिची नात म्हणाली, "आजी, आपल्यात चंद्र देव असतो का?" आजी गप्प झाली. आम्हीही गप्प झालो. त्या पोरीला द्यायचे राहिलेले उत्तर इथे देतो.

विनयपिटकातील महावग्गात पौर्णिमेचा इतिहास आहे. राजगृहात इतर पंथांचे परिव्राजक पंधरवड्याच्या अष्टमीला, चतुर्दशीला व पंचदशीला जमून प्रवचन करीत. लोक ऐकायला जात व त्यांचे अनुयायी होत. मगधाचा राजा बिंबिसार याने भगवंतांना विनंती केली की, आपल्या संघानेही असे जमावे. भगवंतांनी ती मान्य केली. पण भिक्खू जमले आणि नुसतेच मुके बसून राहिले! लोकांनी नावे ठेवली. तेव्हा भगवंतांनी सांगितले, जमाल तेव्हा धम्म सांगा. पुढे त्या दिवशी पातिमोक्ख म्हणण्याचा व आपली चूक संघापुढे कबूल करण्याचा नियम झाला. हाच उपोसथ. त्या दिवशी उपासक-उपासिका अष्टशील घेतात.

म्हणजे काय झाले? त्या काळी कुणाच्या भिंतीवर कॅलेंडर नव्हते. चंद्र हेच सगळ्यांचे कॅलेंडर. राजाला तोच, मजुरालाही तोच. त्याच्यावरून दिवस कळायचा. पूजा त्याची नव्हती.

इ.स.पूर्व तिसऱ्या शतकात सम्राट अशोकाने सारनाथच्या स्तंभावर संघात फूट पाडू नये अशी आज्ञा कोरली. उपासकांनी व महामात्रांनी दर उपोसथाला यावे, असेही त्यात सांगितले. श्रीलंकेत आजही प्रत्येक पौर्णिमेला 'पोया'ची सुट्टी असते, दारूची दुकाने बंद असतात.

संयुत्तनिकायात चंदिमसुत्त आहे. राहूने धरलेला चंद्र त्यात बुद्धाला शरण जातो. ही कथा आहे, खगोलशास्त्र नव्हे. पण तिचा अर्थ बघा. जो चंद्र स्वतःच बुद्धाला शरण गेला, त्याला आपण कशाला शरण जायचे?

ग्रहणात माझी आई गरोदर बायकांना विळी हातात धरू देत नसे. वडील मात्र हसायचे. ते २४ मे १९५६ रोजी नरे पार्कच्या सभेला गेले होते. त्या बुद्धजयंतीला परमपूज्य बाबासाहेबांनी ऑक्टोबरमध्ये धम्म स्वीकारणार, असे जाहीर केले. आणि त्याच रात्री चंद्रग्रहण होते! वडील म्हणायचे, "लोक ज्या दिवशी पाणी पीत नाहीत, त्या दिवशी आमचं भलं ठरलं."

बंधूंनो, आज वैशाख पौर्णिमेला विहारात पाय ठेवायला जागा नसते. नंतरच्या ज्येष्ठ पौर्णिमेला दहा माणसे! महेंद्र थेर श्रीलंकेत धम्म घेऊन पोचले ती हीच पौर्णिमा. आषाढीला पहिले धम्मप्रवचन झाले, वर्षावास सुरू होतो. आश्विनीला तो संपतो. हे मुलांना कोण सांगणार? आपण नाही सांगितले, तर शेजारी सांगेल तेच त्यांना खरे वाटेल. मी स्वतः रातपाळीचे निमित्त सांगून कितीतरी पौर्णिमा चुकवल्या. आता गिरणीचा भोंगा बंद झाला, निमित्तही संपले.

म्हणून विनंती एवढीच. रोज रात्री झोपण्याआधी पंचशील म्हणा आणि आज कुठले मोडले ते मनाशी खरे खरे बोला. महिनाभराचा हा हिशेब घेऊन पौर्णिमेला मुलाबाळांसह विहारात या. चंद्र सुंदर आहे, जरूर बघा. पण हात जोडायचे ते त्रिरत्नाला.

त्या नातीला माझे उत्तर : बाळ, चंद्र आपला देव नाही. तो आपल्याला विहारात बोलावणारा भोंगा आहे.

नमो बुद्धाय! जयभीम!