मूद, वाटी आणि सोमवारची रात्र : बाहेरच्या ताटाचे माप कोणी ठरवले?

अलिबाग, मुरूड, श्रीवर्धन. रायगडच्या किनाऱ्यावरील कोणत्याही खानावळीत सुट्टीच्या दिवशी बसा. तळलेली तुकडी, कालवण, तांदळाची भाकरी, सोलकढी आणि भात. मासा संपतो, भात मात्र अनेक ताटांतून तसाच परत जातो. बाहेर जेवताना ताटात किती घ्यावे, हा आज आपल्याला शिष्टाचाराचा प्रश्न वाटतो. विसाव्या शतकात तो राज्यकारभाराचा प्रश्न होता.

पंगतीत हे माप दोघांनी सांभाळायचे असे. वाढप्याने थोडे थोडे, पण पुनःपुन्हा वाढायचे. जेवणाऱ्याने पानात टाकायचे नाही. यजमानाचा आग्रह हा त्यातला कायमचा धोका! उपाहारगृहात ताट एकदम भरून समोर येते, म्हणजे माप आधीच स्वयंपाकघरात ठरलेले असते.

१९४२ साली जपानने ब्रह्मदेश जिंकला आणि तिथून येणारा तांदूळ थांबला. मे १९४३ मध्ये मुंबईत रेशनिंग सुरू झाले. तेव्हाच्या कुलाबा जिल्ह्यातील (‘रायगड’ हे नाव १९८१चे) कितीतरी माणसे मुंबईच्या गिरण्यांत राबत आणि खानावळीत जेवत. भात हेच ज्यांचे जेवण, त्यांच्या ताटाचे माप आता सरकार दरबारी ठरू लागले. त्याच वर्षी ग्रेगरी समितीने प्रौढ माणसाला दिवसाला एक पौंड, म्हणजे सुमारे ४५० ग्रॅम धान्याची शिफारस केली. तिकडे बंगालमध्ये दुष्काळाने लाखो माणसे मरत होती.

ब्रिटनमध्येही १९४२ पासून हॉटेलातील जेवणावर पाच शिलिंगांची मर्यादा होती आणि तीनपेक्षा अधिक पदार्थक्रम वाढण्यास बंदी होती. श्रीमंती हॉटेलांना मात्र वरखर्चाच्या नावाखाली जादा आकारणीची सवलत मिळाली. मापाचा कायदा सर्वांना सारख्या मापाने क्वचितच लागतो.

स्वातंत्र्यानंतर टंचाई संपली नाही. क. मा. मुन्शी अन्नमंत्री असतानाच्या काळात लीलावती मुन्शी यांच्या पुढाकाराने ‘अन्नपूर्णा’ उपाहारगृहे चालली. तिथे तांदूळ-गव्हाला फाटा देणारे पदार्थ मिळत. पुढे १९६५च्या युद्धकाळात लालबहादूर शास्त्रींनी सोमवारी रात्रीचे जेवण सोडण्याचे आवाहन केले आणि अनेक उपाहारगृहे सोमवारी संध्याकाळी बंद राहू लागली. आपल्याकडे सोमवारचा उपास संध्याकाळीच सोडतात. व्रतस्थ मराठी घरांत या आवाहनाने केवढा पेच पडला असेल!

२०१७ साली केंद्रीय मंत्री रामविलास पासवान यांनी हॉटेलांतील वाढपाचे प्रमाण ठरवावे, असे सुचवले. या वेळी टंचाई नव्हती, चिंता नासाडीची होती. ‘मी पैसे देतो, मग माप तुम्ही का ठरवता?’ हा आक्षेप लगेच आला. तो मला अगदीच गैरलागू वाटत नाही. पण टाकलेल्या भाताची किंमत केवळ बिलात मावत नाही, हेही तितकेच खरे.

आणि मग २६ जानेवारी २०२०. महाराष्ट्रात शिवभोजन थाळी सुरू झाली: प्रत्येकी ३० ग्रॅमच्या दोन चपात्या, १०० ग्रॅम भाजी, १५० ग्रॅम भाताची एक मूद, १०० ग्रॅम वरण, किंमत १० रुपये, टाळेबंदीत ५. रेशनिंगचे माप ‘याहून जास्त नाही’ असे बजावत होते. या थाळीचे माप केंद्रचालकासाठी होते: याहून कमी वाढायचे नाही.