ज्येष्ठ व दिव्यांगांच्या पायांची निगा : सुरतेतील कुटुंबांसाठी माहिती

इंग्लंडसारख्या देशात वयस्कर माणसांची नखे काढणे, कुरूप व घट्टे पाहणे यासाठी शिकलेले लोक असतात. आपल्याकडे हा व्यवसाय फारसा रुजला नाही. त्यामुळे उधना, लिंबायत, डिंडोली भागांतील आपल्या कुटुंबांत हे काम घरच्यांवरच येते, आणि बहुधा जखम चिघळल्यावरच तिकडे लक्ष जाते.

खरा धोका मधुमेहाचा. साखर वर्षानुवर्षे वाढलेली असली की तळव्याची संवेदना कमी होते. काटा रुतला, चप्पल चावली तरी कळत नाही. त्यात रक्तपुरवठा कमी असेल, तर साधा फोडही पाय कापण्यापर्यंत नेतो. संवेदना पाहण्यासाठी डॉक्टर १० ग्रॅम दाबाचा नायलॉनचा धागा तळव्याला टेकवतात. तपासणी दुखत नाही, वेळही फार लागत नाही. वर्षातून एकदा ती मागून घ्यावी. जखम असेल तर न्यू सिव्हिल किंवा पालिकेच्या स्मीमेर रुग्णालयात दाखवावी, घरी मलम लावत बसू नये.

वाकता न येणाऱ्या किंवा व्हीलचेअरवरील माणसाचे तळवे दुसऱ्याने रोज पाहावेत. बोटांच्या बेचक्या कोरड्या कराव्यात. नखे सरळ कापावीत. कुरुपावर बाजारी पट्टी नको, शेकायला गरम पाण्याची पिशवी तर नकोच. चप्पल संध्याकाळी घ्यावी, कारण तोवर पाय थोडे सुजलेले असतात. मे महिन्यात देवळाच्या तापलेल्या फरशीवर अनवाणी चालण्याचा आग्रह आम्हांला पटत नाही; मोजे घालून दर्शन घ्यावे. पावसाळ्यात खाडीचे पाणी वस्तीत शिरते, तेव्हा भेगा पडलेल्या पायांनी त्यात उतरू नये. दक्षिण गुजरातेत लेप्टोस्पायरोसिस होतो, आणि त्याचे जंतू अशाच फुटलेल्या त्वचेतून शिरतात.

साधनांसाठी केंद्र सरकारची राष्ट्रीय वयोश्री योजना २०१७ पासून आहे. ६० वर्षांवरील, दारिद्र्यरेषेखालील किंवा महिना १५,००० रुपयांपर्यंत उत्पन्न असलेल्यांना काठी, वॉकर, व्हीलचेअर, तसेच पायांच्या निगेचा संच विनामूल्य मिळू शकतो. दिव्यांगांसाठी ॲडिप योजना आहे. तिला किमान ४० टक्के अपंगत्वाचा दाखला लागतो. उत्पन्नाचा दाखला इथे तहसीलदार नव्हे, मामलतदार कचेरीतून मिळतो, तो आधीच काढून ठेवावा. शिबिरात पहिल्या दिवशी फक्त तपासणी व मोजमाप होते, साधन नंतर मिळते; तोवर पावती जपून ठेवावी.