जुन्या इलेक्ट्रिक गिटारचं साल कसं ठरवायचं?

मंडळी, आजचा विषय वरकरणी बाजाराचा आहे. कोणाकडे तरी जुनी इलेक्ट्रिक गिटार आहे, ती विकायची आहे, आणि घेणाऱ्याचा पहिला प्रश्न ठरलेला असतो : साल कोणतं? या उत्तरावर किंमत कितीतरी वर-खाली होते. पण साल ठरवणं हे काम मात्र इतिहासाचं आहे. साधनं कोणती, त्यातलं अस्सल कोणतं, मागाहून घुसडलेलं कोणतं, आणि दोन साधनं एकमेकांशी जुळली नाहीत तर काय करायचं, हे सगळे प्रश्न इथेही येतातच.

आपण आज एकच गिटार डोळ्यांसमोर ठेवू. अमेरिकेतल्या फेंडर कंपनीची स्ट्रॅटोकास्टर. विकणारा म्हणतो, १९६४ ची आहे. आता हे खरं की खोटं, कसं बघायचं?

त्याआधी ही गिटार बनायची कशी, ते समजून घ्यायला हवं. कॅलिफोर्नियातल्या फुलर्टन गावात लिओ फेंडर यांचं रेडिओ दुरुस्तीचं दुकान होतं. गंमत अशी, की त्यांना स्वतःला गिटार वाजवता येत नव्हती. त्यांची नजर दुरुस्ती करणाऱ्याची. वस्तू अशी हवी, की बिघडली तर उघडता यावी, सुटा भाग काढून दुसरा बसवता यावा. तोवर गिटारची मान, म्हणजे नेक, धडाला सरसानं चिकटवायची पद्धत होती. फेंडरनी ती चार स्क्रूंनी बसवली. १९५० मध्ये त्यांनी ब्रॉडकास्टर नावाची गिटार काढली. ग्रेच कंपनीच्या ड्रमचं नाव तसंच होतं, त्यांनी हरकत घेतली, म्हणून पुढच्याच वर्षी ती टेलिकास्टर झाली. १९५४ मध्ये स्ट्रॅटोकास्टर आली.

या पद्धतीचा आपल्या प्रश्नाशी थेट संबंध आहे. एका माणसानं एक गिटार पहिल्यापासून शेवटपर्यंत घडवली, असं तिथे होत नव्हतं. नेकचा घाणा वेगळा निघायचा, धडांचा वेगळा. पिकअप दुसऱ्या टेबलावर गुंडाळले जायचे. आवाज कमी-जास्त करायची बटणं ज्यावर बसतात ते पॉट बाहेरून विकत यायचे. सगळं डब्यांत साठायचं आणि जुळणी करणारा हाताला येईल तो भाग उचलायचा. म्हणजे अशा गिटारला एक जन्मतारीख नसते. प्रत्येक भागाची आपापली तारीख असते, आणि जुळणीची तारीख बहुधा कुठेच लिहिलेली नसते.

आता साक्षीदार एकेक करून बोलावू.

पहिला साक्षीदार म्हणजे क्रमांक. त्या काळात तो नेकच्या मागच्या, चार स्क्रूंच्या लोखंडी पट्टीवर असे. आपल्या गिटारच्या पट्टीवर क्रमांकाआधी ‘एल’ हे अक्षर आहे. अशा पट्ट्या साधारण १९६२ च्या अखेरीपासून १९६५ पर्यंत लागल्या. लोक इथेच थांबतात, आणि इथेच फसतात. एक तर पट्ट्याही डब्यातूनच उचलल्या जायच्या, त्या क्रमानं लागतीलच असं नव्हतं. दुसरं म्हणजे चार स्क्रू काढले की पट्टी बदलता येते. क्रमांकावरून काळाचा पट्टा कळतो, साल नाही.

दुसरा साक्षीदार आहे नेकचा तळ. नेक सोडवली की धडात बसणाऱ्या तिच्या टोकावर तारीख दिसते. सुरुवातीच्या वर्षांत ती पेन्सिलीनं लिहीत. काही नेकवर ‘टी. जी.’ अशी आद्याक्षरं आहेत, ती ताडेओ गोमेझ या कारागिराची. १९६२ पासून रबरी शिक्का आला. आपल्या गिटारवर शिक्का आहे : ‘२ डिसेंबर ६४ बी’. वाचल्याबरोबर आपण म्हणणार, २ डिसेंबर! तर नाही. तो २ दिवसाचा आकडा नाही. तो मॉडेलचा आकडा आहे. २ म्हणजे स्ट्रॅटोकास्टर. ‘बी’ म्हणजे नेकची रुंदी. उरलं काय? डिसेंबर १९६४. ही तारीख नेकची आहे, अख्ख्या गिटारची नाही.

तिसरा साक्षीदार म्हणजे पॉट. अमेरिकेत सुट्या विद्युत भागांवर बनवणाऱ्याचा सांकेतिक क्रमांक, वर्ष आणि आठवडा छापायची पद्धत होती. आपल्या पॉटवर ३०४ ६४ ३५ असे आकडे आहेत. ३०४ म्हणजे स्टॅकपोल कंपनी, ६४ म्हणजे १९६४, आणि ३५ वा आठवडा म्हणजे ऑगस्टची अखेर. ही साक्ष एकाच बाजूनं पक्की असते. गिटार ऑगस्ट १९६४ च्या आधीची नाही, एवढंच ती सांगते. नंतर किती, ते सांगत नाही. फेंडरनं १९६६ मध्ये पॉटचा एवढा साठा घेतला, की पुढे काही वर्षं बनलेल्या गिटारींतही १९६६ चेच पॉट सापडतात. शिवाय पॉट बदललेला असू शकतो. म्हणून आकड्याबरोबर डाख बघायचा. मूळचा डाख आणि मागाहून लावलेला डाख सरावलेल्या डोळ्याला वेगळे दिसतात.

चौथा साक्षीदार म्हणजे गिटारचं रूप. १९५९ पर्यंत स्ट्रॅटोकास्टरचा नेक अख्खा मेपलचा. मग बोटं ठेवायच्या पट्टीला रोझवूड आलं. आधी ती पट्टी जाड होती, १९६२ च्या मध्यानंतर पातळ झाली. १९६५ च्या अखेरीस गिटारचं डोकं मोठं झालं. १९७१ मध्ये चार स्क्रूंचे तीन झाले. आपल्या गिटारला लहान डोकं, पातळ रोझवूड आणि चार स्क्रू आहेत. म्हणजे रूप बाकीच्यांशी जुळतं.

आता खरी अडचण. चारही साक्षी खऱ्या धरल्या, तरी निष्कर्ष काय निघतो? नेक डिसेंबर १९६४ चा आहे, म्हणजे गिटार जुळली त्यानंतर. ती डिसेंबरात जुळली असेल, जानेवारीत किंवा फेब्रुवारीतही. कोणी म्हणेल, एका महिन्यानं काय बिघडतं? बाजारात बरंच बिघडतं. जानेवारी १९६५ मध्ये लिओ फेंडर यांनी कंपनी सीबीएस या मोठ्या प्रसारण कंपनीला १ कोटी ३० लाख डॉलरला विकली. त्याआधीच्या गिटारींना संग्राहक ‘सीबीएसपूर्व’ म्हणतात आणि त्यासाठी जास्त पैसे मोजतात. विकणाऱ्याच्या ‘१९६४’ या शब्दामागे हा सगळा भाव दडलेला आहे.

इतिहास म्हणून बघितलं तर ही सीमारेषा कारखान्यात कुठे दिसते? त्या जानेवारीत कामाला आलेली माणसं तीच होती, यंत्रं तीच, डब्यांतले नेक डिसेंबरचेच. बदल हळूहळू आले : मोठं ‘एफ’ कोरलेल्या पट्ट्या १९६५ मध्ये, मोठं डोकं वर्षाच्या शेवटी, आणि नायट्रोसेल्युलोज लॅकरच्या जागी जाड पॉलिएस्टरचा थर दशकाच्या उत्तरार्धात. मालकी एका दिवसात बदलते, हातांची सवय तशी बदलत नाही. राज्य गेलं म्हणून दुसऱ्या दिवशी गावातला कुंभार वेगळी मडकी करत नाही, तसंच हे.

दुसऱ्या कंपनीकडे गेलं की हिशेब बदलतो. गिब्सनचा कारखाना मिशिगनमधल्या कॅलामाझू इथे होता. तिथे नेक चिकटवलेला असे, त्यामुळे तळावरची तारीख बघायला मिळत नाही. १९५० च्या दशकात त्यांच्या लेस पॉल गिटारच्या डोक्यामागे शाईनं क्रमांक छापत आणि पहिला आकडा वर्षाचा असे. ९ म्हणजे १९५९. १९६१ पासून क्रमांक दाबून उमटवू लागले, आणि साठच्या दशकात तेच क्रमांक पुन्हा वापरले गेले. एकच आकडा दोन-तीन वेगवेगळ्या वर्षांच्या गिटारींवर सापडतो. म्हणून एका कंपनीची किल्ली दुसऱ्या कंपनीच्या कुलपाला लावायची नाही.

मग विकण्याआधी करायचं काय? पहिली गोष्ट म्हणजे काही करायचं नाही. पॉलिश नको, रंग नको, काळवंडलेले स्क्रू चकचकीत करणं नको, जुना डाख सोडवणं नको. पुन्हा रंगवलेल्या गिटारची किंमत बऱ्याचदा निम्म्यावर येते. नेक सोडवायचा तर जाणत्या कारागिराकडून, आणि तोही एकदाच. लाकडातली स्क्रूची भोकं वारंवार उघडली की सैल होतात. प्रत्येक खुणेचा फोटो काढायचा. मूळ पेटी, पट्टा, खरेदीची पावती, बदलून ठेवलेला जुना भाग, यातलं काही टाकायचं नाही.

परदेशात विकायची असेल तर लाकडाकडेही बघावं लागतं. त्या काळचं रोझवूड बहुतेक ब्राझीलचं असायचं. साठच्या दशकाच्या मध्यापासून त्याची जागा भारतीय रोझवूड, म्हणजे आपल्या सह्याद्रीत वाढणारा शिसव, घेऊ लागला. ब्राझीलच्या झाडाला १९९२ पासून ‘साइट्स’ या आंतरराष्ट्रीय कराराचं सर्वांत कडक संरक्षण आहे. अशी गिटार परवान्याशिवाय सीमेपार पाठवली तर ती जप्त होऊ शकते.

राहता राहिला शब्दांचा प्रश्न. आपल्या गिटारची जाहिरात कशी लिहायची? ‘१९६४, सीबीएसपूर्व’ असं लिहिलं तर पुराव्यापेक्षा जास्त बोलल्यासारखं होईल. ‘१९६५’ लिहिलं तरी तेच. आणि त्यात विकणाऱ्याचंच नुकसान. आम्ही असं लिहू : ‘नेकवर डिसेंबर १९६४ चा शिक्का, पॉट १९६४ च्या ३५ व्या आठवड्याचे, एल-क्रमांकाची पट्टी, डाख उघडलेला दिसत नाही, फोटो सोबत. जुळणी १९६४ ची अखेर किंवा १९६५ ची सुरुवात.’ घेणारा जाणकार असेल तर तो याच मजकुरासाठी पैसे देईल. नवखा असेल तर त्याला आपण काय घेतोय हे कळेल, आणि दहा वर्षांनी तो विकायला निघाला की हाच कागद त्याच्याही उपयोगी पडेल.

एवढं बोलून आम्ही थांबतो. आता तुमचे प्रश्न घेऊ.