टिंबामुळे गेलेल्या आठ रात्री

२००६ साल. जळगावात इंजिनिअरिंगचं शेवटचं वर्ष. प्रोजेक्टचा जोडीदार धुळ्याचा, सोमवारी सकाळच्या एसटीने उगवायचा. दिवसा भारनियमन, म्हणून प्रोग्राम रात्री लावायचा आणि सकाळी निकालाच्या .आउट फाइली जपून ठेवायच्या. अशा आठ रात्री जमल्या होत्या.

मेकफाइलमध्ये सर्वांत वर मी सफिक्स रूल लिहिला होता, ‘.सी.ओ:’. म्हणजे कुठल्याही .सी फाइलची .ओ कशी करायची, ती रीत. त्याखाली ‘क्लीन’, सगळ्या .ओ आणि .आउट फाइली पुसणारं. मग प्रोग्राम. नुसतं ‘मेक’ म्हटलं की पहिलं टार्गेट चालतं, एवढं पाठ होतं. पहिला तर सफिक्स रूल आहे, मग काय बिघडणार? एरवी प्रोग्रामचं नाव द्यायचो. त्या सोमवारी घाईत नुसतंच ‘मेक’ टंकलं. मेकने सफिक्स रूल ओलांडला आणि ‘क्लीन’ चालवलं!

‘‘काय झायं भो?’’ जोडीदार म्हणाला. मला सांगायला तोंड नव्हतं.

नंतर खोदकाम केलं. मेक लिहिलं स्टुअर्ट फेल्डमनने, १९७६ साली, बेल लॅब्जमध्ये. ‘याक’वाल्या स्टीव्ह जॉन्सनची एक सकाळ बरोबर असलेल्या प्रोग्राममधली चूक शोधण्यात गेली होती. दुरुस्त केलेली फाइल पुन्हा कंपाइलच झाली नव्हती. त्यावरचा उपाय फेल्डमनने शनिवार-रविवारात उभा केला (आमच्यासारखाच वीकएंडवाला, बरं का!). २००३ चा एसीएमचा सॉफ्टवेअर सिस्टिम पुरस्कार त्याला याच कामासाठी मिळाला.

गोची अशी, की ‘.सी.ओ:’ हा दिसायला साध्या टार्गेटसारखाच. पण त्या नावाची फाइल कधी बनवायचीच नसते. तो ‘कसं’ सांगतो, ‘काय’ नाही. म्हणून पॉझिक्स म्हणतं, खास टार्गेटं आणि असे रीतीचे नियम सोडून जे पहिलं येईल ते डिफॉल्ट. ग्नू मेक टिंबावरून ओळखतं: नाव टिंबाने सुरू होत असेल आणि त्यात तिरकी रेघ नसेल, तर ते डिफॉल्ट नाही. रेघेची सवलत कशाला? ‘../’ ने सुरू होणाऱ्या खऱ्या फाइली सुटू नयेत म्हणून. गंमत म्हणजे ‘.डिफॉल्ट_गोल’ लिहून हवं ते टार्गेट नेमायची सोय ग्नू मेकच्या ३.८१ मध्ये आली, तीही २००६ सालीच.

असो. आठपैकी तीन रात्री पुन्हा काढल्या आणि तेवढ्यावरच सबमिशन केलं. जोडीदाराचा फोन आला की अजून पहिला प्रश्न तोच, ‘‘वर काय ठेवलंस?’’