बिंदू जोडण्याचा अधिकार : सरळ रेषेच्या आलेखाचा मराठी मुलखातील पूर्वेतिहास

मलकापूर नावाची गावे महाराष्ट्रात अनेक आहेत. प्रस्तुत लेखात अभिप्रेत असलेले मलकापूर कऱ्हाडास लागून, पुणे-बंगळूर महामार्गावर वसलेले आहे. एकविसाव्या शतकाच्या पहिल्या दशकाअखेरीस तेथे चोवीस तास आणि मीटरने मोजून पाणी देण्याची योजना सुरू झाली, आणि या लहानशा गावाचे नाव पाणीपुरवठ्याच्या चर्चेत सर्वत्र येऊ लागले. गणिताच्या इतिहासाशी या योजनेचा संबंध काय, असा प्रश्न वाचकांस पडेल. त्याचे उत्तर लेखाच्या उत्तरार्धात यावयाचे आहे.

नववी-दहावीच्या वर्गात दोन चलांच्या एकघाती समीकरणाचा आलेख काढण्याची एक ठरलेली रीत आहे. क्ष ला तीन किमती द्याव्यात, य च्या किमती काढाव्यात, कोष्टक मांडावे, बिंदू स्थापन करावेत आणि पट्टी ठेवून रेषा ओढावी. या पाच कृतींपैकी पहिल्या चारांची कारणे विद्यार्थ्यास सांगता येतात. पाचवीचे कारण विचारले असता तो बहुधा गप्प राहतो. तीन बिंदू आपण काढले. मग त्यांमधील असंख्य बिंदूही समीकरणाचे समाधान करतात, हे कोणी ठरविले? बिंदू जोडण्याचा हा अधिकार आपल्याकडील विद्यापरंपरांना निरनिराळ्या रूपांत परिचित होता, पण शाळेच्या वहीत तो येताना त्याची जाणीव मात्र मागे राहिली, हे दाखविणे हा या लेखाचा हेतू आहे.

(१)

समीकरण आपल्याकडे नवे नव्हते. भास्कराचार्यांच्या बीजगणितात एका अव्यक्ताच्या समीकरणाला एकवर्ण व अनेक अव्यक्तांच्या समीकरणाला अनेकवर्ण म्हटले आहे, कारण यावत्तावत्‌नंतरच्या अव्यक्तांना कालक, नीलक, पीतक अशी रंगांची नावे दिलेली आहेत. अशा समीकरणांची पूर्णांकी उत्तरे काढण्याची कुट्टकाची रीत ११५० च्या लीलावतीतही आलेली आहे.

एक साधे उदाहरण घेऊ. तीन रुपयांच्या काही पेन्सिली व पाच रुपयांच्या काही वह्या मिळून साठ रुपये झाले. ३क्ष + ५य = ६० या समीकरणाची ऋण नसलेली पूर्णांकी उत्तरे पाचच : (०, १२), (५, ९), (१०, ६), (१५, ३) आणि (२०, ०). चौकटींच्या कागदावर हे पाचही बिंदू एका रेषेवर येतात. परंतु ती रेषा ओढली की तिच्यावर (१, ११·४) हाही बिंदू येतो, आणि वहीचा चार-दशांश भाग कोणी दुकानदार विकत नाही. येथे रेषा ही उत्तरांची बैठक आहे; तिच्यावरचा प्रत्येक बिंदू उत्तर नव्हे. कुट्टकाच्या परंपरेने ही रेषा काढली नाही, याचे नवल वाटू नये. तिच्या प्रश्नांना सुटे बिंदूच हवे होते.

(२)

दुसरी परंपरा ज्योतिषाची. ग्रहगणितात कोष्टके ठराविक अंतराने दिलेली असतात व मधली किंमत त्रैराशिकाने काढली जाते. केरो लक्ष्मण छत्रे यांनी १८६० मध्ये मराठीत प्रसिद्ध केलेली ग्रहसाधनाची कोष्टके याच जुन्या वळणाची. कोष्टकातील दोन ओळींमध्ये त्रैराशिक लावणे म्हणजे दोन बिंदू सरळ रेषेने जोडणेच होय. फक्त रेषा कागदावर न उमटता आकड्यांत राहते.

ही जोडणी सर्वत्र चालत नाही, हेही आपल्या ज्योतिषांस ठाऊक होते. ब्रह्मगुप्ताने ६६५ च्या सुमाराच्या खंडखाद्यकात, साध्या त्रैराशिकाने येणारी चूक कमी करण्यासाठी लगतच्या दोन अंतरांतील फरक विचारात घेणारा नियम दिला. भास्कराचार्यांनी तोच विचार भोग्यखंडाच्या स्पष्टीकरणात मांडला. ज्येची कोष्टके सरळ रेषेवर नाहीत, म्हणून दोन नोंदींमधली वाट वाकडी धरली पाहिजे, हा त्याचा आशय. जोडणीचा अधिकार कोठे संपतो याचे भान येथे स्पष्ट दिसते.

(३)

तिसरी परंपरा शेताच्या बांधावरची आहे आणि प्रस्तुत विषयास ती सर्वांत जवळची आहे. मुंबई इलाख्यात गोल्डस्मिड व विंगेट यांनी १८३५ मध्ये इंदापूर तालुक्यापासून जी जमीन-मोजणी सुरू केली, तिची पद्धत पुढे इलाखाभर पसरली. १८४८ मध्ये सातारचे राज्य खालसा झाल्यावर कृष्णा-कोयनेच्या खोऱ्यातही ती आली. साखळी तेहतीस फुटांची, तिचे भाग सोळा आणे. एक साखळी लांब व एक साखळी रुंद जागा म्हणजे एक गुंठा. चाळीस गुंठ्यांचा एकर.

या शंकुसाखळी पद्धतीत शेतातून एक पायारेषा धरीत. बांधाच्या प्रत्येक कोपऱ्यापासून तिच्यावर काटकोनात लंब टाकीत. पायारेषेवर किती अंतरावर आणि रेषेपासून किती दूर, असे दोन आकडे प्रत्येक कोपऱ्यास मिळत. लंब रेषेच्या डाव्या अंगास की उजव्या, हेही दाखवीत. या आकड्यांच्या कच्च्या आकृतीस टिपण म्हणतात. टिपण प्रमाणावर काढलेले नसते. त्यातील आकड्यांवरून नकाशा नंतर प्रमाणावर तयार होतो. शाळेत ज्यांस आपण निर्देशक म्हणतो, ते दोन आकडे याहून वेगळे नाहीत.

टिपणात जोडणीचा प्रश्न थेट जमिनीच्या हिशेबात उतरतो. समजा पायारेषा आठ साखळ्यांची असून तिच्या दोन टोकांशी लंब तीन व पाच साखळ्यांचे आहेत. बांध सरळ धरला तर क्षेत्र बत्तीस गुंठे येते. परंतु पायारेषेच्या मध्यावर बांध बाहेर वळलेला असून तेथील लंब चार नसून पाच साखळ्यांचा असेल, तर पहिल्या भागात सोळा व दुसऱ्यात वीस मिळून छत्तीस गुंठे होतात. मधला एक बिंदू न घेतल्याने चार गुंठे कागदावरून नाहीसे होतात. म्हणून जेथे बांध वळतो तेथे लंब घेतलाच पाहिजे. दोन बिंदूंमध्ये सरळ रेषा ओढण्याचा अधिकार मोजणीदारास प्रत्यक्ष बांध पाहूनच मिळतो. नुसत्या दोन आकड्यांवरून तो मिळत नाही.

(४)

कुट्टकाजवळ समीकरण होते, टिपणाजवळ दोन आकड्यांनी ठरणारे स्थान होते. या दोहोंचा विवाह युरोपात सतराव्या शतकात झाला. देकार्तचा भूमितीवरील ग्रंथ १६३७ मध्ये प्रसिद्ध झाला. फर्माने त्याच सुमारास लिहिलेला निबंध त्याच्या मृत्यूनंतर, १६७९ मध्ये छापला गेला. दोन अव्यक्तांचे एकघाती समीकरण म्हणजे सरळ रेषा, हे विधान फर्माच्या निबंधात आरंभीच येते. आजच्या वहीतील काटकोनी अक्ष आणि चारही चरण मात्र त्या दोघांकडे या रूपात नाहीत. ऋण निर्देशकांचा मोकळा वापर पुढच्या पिढ्यांनी रूढ केला.

शाळेत आलेख यावयास आणखी अडीच शतके लागली. १९०१ मध्ये ग्लासगो येथील ब्रिटिश असोसिएशनच्या अधिवेशनात जॉन पेरी यांनी गणिताच्या शिक्षणात चौकटींच्या कागदाचा आग्रह धरला. पुढच्याच वर्षी अमेरिकेत ई. एच. मूर यांनी त्याला दुजोरा दिला. प्रयोगातील मोजमापे मांडावीत, बिंदूंकडे पाहावे, ते रेषेवर आहेत की नाहीत हे ठरवावे, असा पेरींच्या मागणीचा रोख होता. परीक्षेच्या वाटेने शाळांत पोचेपर्यंत या विचाराचा क्रम उलटा झाला. समीकरण आधी दिलेले, रेषा आधी ठाऊक, आणि बिंदू केवळ तिला टेकण्यापुरते, असे त्याचे रूप झाले. महाराष्ट्राच्या २०१७ च्या नववीच्या पुस्तकात निर्देशक भूमिती हे प्रकरण आहे व २०१८ च्या दहावीच्या पुस्तकात एकसामयिक समीकरणे आलेखाने सोडविलेली आहेत. तेथेही रेषा कशी काढावी हे विद्यार्थी लवकर शिकतो. ती केव्हा काढू नये हे शिकण्याची संधी त्यास विरळाच मिळते.

(५)

आता मलकापूरच्या मीटरकडे वळू. पुढील दर केवळ उदाहरणादाखल कल्पिलेले आहेत. ते तेथील प्रत्यक्ष दर नव्हेत. समजा स्थिर आकार ५० रुपये आणि दर हजार लिटरांस १० रुपये. क्ष हजार लिटरांस य = १०क्ष + ५० रुपये बिल होईल. (०, ५०), (१०, १५०), (२०, २५०) हे बिंदू एका रेषेवर आहेत. येथे ते जोडण्याचा अधिकार निर्विवाद आहे, कारण पाणी अखंड वाहते आणि मीटर मधल्या प्रत्येक अंकावरून जातो. वह्या-पेन्सिलींच्या उदाहरणात जे नव्हते ते येथे आहे.

परंतु अधिक वापरास अधिक दर अशी चढती आकारणी केली तर? पंधरा हजार लिटरांनंतर दर १५ रुपये धरू. मग पंधरा हजारांस २०० रुपये व वीस हजारांस २७५ रुपये होतात. जो विद्यार्थी (०, ५०) व (२०, २७५) हे दोनच बिंदू घेऊन पट्टी ठेवील, त्यास दहा हजार लिटरांचे बिल १६२ रुपये ५० पैसे दिसेल. खरे बिल १५० रुपये आहे. बिलाच्या आलेखात पंधराच्या अंकावर वळण आहे. बांधाच्या वळणावर लंब घ्यावा, तसा तेथे बिंदू घ्यावा लागतो.

मलकापूरपासून जवळच असलेल्या काले या गावी ४ ऑक्टोबर १९१९ रोजी भाऊराव पाटील यांनी रयत शिक्षण संस्थेची स्थापना केली. शेतकऱ्यांची मुले शाळेत आणणे हा त्या कार्याचा गाभा होता. ज्या घरांतून ती मुले आली, तेथे टिपण हा शब्द अपरिचित नव्हता. वाटणी व बांधाचे तंटे त्याच कागदावर मिटत वा पेटत. आज त्याच परिसरातील मुलांच्या घरी टिपणही आहे आणि पाण्याचे बिलही आहे.

अध्यापनाच्या दृष्टीने यातून एवढेच सुचवावयाचे आहे. आलेखाच्या पाठात पट्टी शेवटी यावी, आणि ती उचलण्यापूर्वी विद्यार्थ्यास एक प्रश्न विचारला जावा : या दोन बिंदूंच्या मध्ये काय आहे? वह्यांच्या उदाहरणात तो म्हणेल, काही नाही. पाण्याच्या उदाहरणात म्हणेल, सर्व काही. बांधाच्या उदाहरणात त्याने म्हणावे, जाऊन पाहिले पाहिजे. ही तीन उत्तरे ज्यास वेगळी ओळखता आली, त्यास रेषा आणि समीकरण यांचा संबंध कळला असे समजण्यास हरकत नाही.